आई ‘मला’ म्हणत नसे

रायपुरातल्या भनपुरीच्या त्या गोदामात गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर लाल कापडात गुंडाळलेला कलश, त्यावर नारळ, शेजारी कलशवाले महाराज. “बोलो माँ, बोलो! बच्चे आए हैं!” ते गरजले आणि कलशातून माझ्या आईचा आवाज आला. आई दिवाळीआधीच गेली होती.

“निरंजन, शिशिर, भांडू नका रे. मला त्रास होतो.”

माझे हे दोघे भाऊ पंडरीतल्या कापडदुकानावरून एकमेकांशी बोलत नव्हते. ते तिथेच एकमेकांच्या गळ्यात पडले. आमचे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, करारी. तेही हमसून रडले. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, पण रडले मीही. आवाज आईचाच होता. घरी सगळे एकत्र जेवले, तेव्हा वाटलं, खोटं असलं तरी काय बिघडलं?

बिघडलं पुढच्या गुरुवारी. कलशातली आई म्हणाली, “अहो, इन्सुलिन सोडा. महाराजांची विभूती घ्या. मला तुमची काळजी वाटते.” बाबांनी इंजेक्शनं फेकून दिली. काही दिवसांतच ते चक्कर येऊन पडले आणि शुद्धीवर आले ते दवाखान्यात. महाराजांचा शिष्य भेटायला आला, म्हणाला, “श्रद्धा में कमी रह गई.”

दवाखान्याच्या बाकावर बसून मी आईचे व्हॉट्सअॅपवरचे जुने निरोप ऐकत होते. “शर्मिष्ठा, मले फोन कर न वं. जेवली का तू?” पुन्हा ऐकला, पुन्हा ऐकला. मले! आई रायपुरातच जन्मली, इथेच वाढली, आणि इथली आम्ही मराठी माणसं घरात ‘मले’च म्हणतो. तिच्या तोंडी ‘मला’ कधी आलंच नाही. मग आठवलं, नाव नोंदवताना शिष्याने हेच निरोप मागून घेतले होते, ‘आत्म्याची ओळख पटायला’. घरातली भांडणंही त्याने गोडीगोडीत विचारली होती.

मी त्याला फोन केला. “भैया, एक गोष्ट सांगायची राहिली. आईचा पहिला मुलगा बंडू तान्हेपणीच गेला. ती सारखी त्याच्यासाठी झुरायची.”

असा मुलगा आमच्या घरात कधी झालाच नव्हता.

पुढच्या वेळी बाबा हट्टाने चाकाच्या खुर्चीत बसून आले. कलशातून हुंदका फुटला. “अहो, माझा बंडू भेटला मला इथे!”

बाबांनी मान वर केली. “कोन बंडू?”

“आपका पहला बेटा, शामरावजी! माँ की गोद में खेल रहा है!” महाराज मध्येच म्हणाले.

“मले पयला पोट्टा हा निरंजनच झाला,” बाबा म्हणाले. “हे माही बायको शारदा नाही.”

मी मंचावर चढले. शिष्य धावले, पण माझे भाऊ आडवे उभे राहिले. मी नारळ उचलला. कलशात मुठीएवढा स्पीकर होता आणि पडद्यामागे लॅपटॉपवर एकजण टाइप करत होता. आवाजाचे थोडे नमुने दिले की संगणक त्याच आवाजात लिहिलेलं काहीही बोलतो, हे मी माइकवरून सांगितलं. टाइप करणाऱ्याला आईचा नुसता आवाज मिळाला. आईची बोली त्याला कुठून यावी? तोवर कलशवाले मागच्या दाराने पसार झाले होते.

रिक्षात बाबांनी विचारलं, “पोट्टे एक झाले, ते बी खोटंच का मंग?”

“नाही बाबा. ते आईनंच शिकवलं होतं.” भाऊ उपाशी असताना आपण जेवलो तर चुलीतली देवी रुसून निघून जाते, असं ती सांगायची. शिशिर विचारायचा, “खरंच?” ती हसायची, “जाय न, पाहून ये.” आम्ही पाहून यायचो. चुलीत राखच असायची. तरी भावाचा वाटा आम्ही काढून ठेवायचो.

त्या आवाजासाठी बाबा अजून झुरतात, हे मला दिसतं.

त्या दिवशी गोदामाबाहेर एका बाईने माझा हात धरला होता. तिची मुलगी गेलेली. “दीदी, मोर नोनी के आवाज घलो लबारी रिहिस का?” तिच्या मुलीचा आवाजही खोटाच होता का, असं ती छत्तीसगढीत विचारत होती. मला ‘हव’, म्हणजे हो, म्हणावं लागलं. ती तिथेच खाली बसली.

तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून सांगते, गोष्टी सांगा, ऐका, त्यातून माया शिका. पण जिथे ‘खरंच?’ असं विचारायला बंदी असेल, तिथून आपल्या माणसाला हाताला धरून घरी आणा.