शेंदराखालचा विनंती थांबा

"तोंड रस्त्याकडं ठेव, पाठ ज्वारीकडं. आन् हलायचं न्हाई बरं का! लेकरं तुझ्या भरवशावर उभी राहनार हायेत."

मला खड्ड्यात रोवताना आबासाहेब गवंडी असं म्हणाला होता. माणसांशी फारसं न बोलणारा तो माणूस दगडमातीशी मात्र भरभरून बोलायचा. त्यानं खांबाभोवती सिमेंट ओतलं, थापीनं चोपलं आणि मला एक चापट मारून तो निघून गेला.

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. हातभर रुंद, पिवळ्या रंगाचा, लोखंडी खांबाला दोन नटबोल्टांनी जखडलेला. माझ्यावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, 'विनंती थांबा, बाभुळमळा'. आमचा जिल्हा आता अहिल्यानगर म्हणवतो, पण वस्तीवरच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच बसलेलं आहे. एसटीच्या ज्या आगाराची गाडी माझ्यासमोरून जाते, त्याचं नाव मी घेणार नाही. एकाचं नाव घ्यावं, तर बाकीच्यांना वाटायचं आपण धुतल्या तांदळाचे.

मी रोवला गेलो त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी वस्तीवरच्या बायामाणसांना गाडीसाठी दोन कोस चालावं लागे. पहिल्या दिवशी गाडी कचकन ब्रेक लावून माझ्यासमोर थांबली, तेव्हा छबूबाई नावाच्या म्हातारीनं कनवटीची कुंकवाची डबी काढून आधी मला बोट लावलं आणि मगच पायरीवर पाय ठेवला. "आपल्या कामाला आला, तो आपलाच," असं ती म्हणाली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढं खंडेनवमीला वस्तीवर नांगर, विळे, पाण्याच्या मोटारी यांची पूजा झाली, की एक झेंडूची माळ माझ्याही गळ्यात पडू लागली. ते योग्यच होतं. मीही एक अवजारच की! पण मग कुणीतरी माझ्या बुडाशी गोल दगड आणून ठेवला. दुसऱ्यानं त्याला शेंदूर लावला. कुणाची गाभण म्हैस अडली होती, ती सुखरूप सुटली, त्यानं मला घंटा बांधली. आणि मागच्या दसऱ्याला एका नवसकऱ्यानं शिडी लावून मला वरपासून खालपर्यंत शेंदूर फासला. अक्षरं सगळी बुडाली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. येणारा जाणारा हात जोडत होता. आपण कशासाठी उभे आहोत, हे मी विसरलो. ती माझी चूक.

पण गाडी थांबेनाशी झाली, ती माझ्या शेंदरामुळं नव्हे. हे नीट ऐका.

वस्तीवरच्या आठ मुली सकाळच्या गाडीनं हायस्कुलात जायच्या. मुलींना मोफत पास असतो. सरकारनं तो मानानं दिलेला आहे, कुणी भीक घातलेली नाही. पण जूनपासून त्या गाडीवर जी जोडी आली, तिला हे कोण सांगणार? लांबून मुली दिसल्या, की ड्रायव्हर गाडीला वेग द्यायचा आणि कंडक्टर दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून डोंगर बघायचा. एकदा गाडी पुढं जाऊन शंभर पावलांवर थांबली. मुली दप्तरं सावरत जिवाच्या आकांतानं पळाल्या. गाडी थांबली होती ती बॅगवाल्या एका पाहुण्यासाठी. तो चढला, दार लागलं. आतून कंडक्टरचा आवाज आला, "फुकटवाल्यांनो, चाला जरा! तब्येत चांगली राहती!"

आतले दोघंतिघं हसले. त्यांनाही लेकी असतील.

देवासमोर रोज दिवा लावणारा माणूस एक दिवस चुकला तर दिवसभर हळहळतो. आणि ज्याचं कामच थांबण्याचं आहे, तो रोज न थांबता जातो आणि घरी जाऊन सुखानं जेवतो! हे पाप कुठल्या पोथीत लिहायचं राहिलं, मला ठाऊक नाही. मुलींना शाळेपर्यंत दोन कोस चालावं लागे, तेही उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यानं. पहिला तास रोज बुडायचा. दिवाळीपर्यंत आठांतल्या तीन मुली घरी बसल्या.

उरलेल्या पाचांत छबूबाईची नात संस्कृती होती. यंदा दहावीला. तिची आई विजयमाला, वस्तीवर सगळ्यांत हळू बोलणारी बाई. एके दिवशी शाळेतून तिला चिठ्ठी आली, 'आपल्या पाल्याची हजेरी कमी असून परीक्षेचा अर्ज भरता येणार नाही. पालकांनी निष्काळजीपणा टाळावा.'

निष्काळजीपणा! त्या दिवशी विजयमाला माझ्याखाली उभी राहून ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होती.

ती शाळेत गेली. शाळा म्हणाली, गाडी थांबत नाही असं आगाराचं पत्र आणा. ती आगारात गेली. आगार म्हणालं, तिथं थांबा आहे असं ग्रामपंचायतीचं पत्र आणा. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक दोन दिवस भेटले नाहीत, तिसऱ्या दिवशी भेटले आणि म्हणाले, पत्रा आगाराचा, आम्ही कसं लिहून देणार? ती पुन्हा आगारात गेली. अर्ज भरायला चार दिवस उरले होते. संध्याकाळी परत आली ती ताडताड चालत. छबूबाई माझ्याजवळच दिव्यात तेल घालत बसली होती.

"काय म्हनला साह्यब?"

"आत्याबाई, त्यानं मोबाईलमधी फोटू दावला. ह्या खांबाचा. म्हनला, बाई, हितं तर देवस्थान हाय. आमची गाडी काय देवळापुढं थांबवायची का? आमच्याकडं ह्या जागेवर थांबाच दिसत न्हाई." तिनं माझ्याकडं बोट केलं. "आपुनच झाकला ह्याला. आपल्याच हातानं. आन् त्या मेल्यांना आयतं कारान दिलं."

छबूबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली.

"म्या खरवडनार हाय ह्याला," विजयमाला म्हणाली.

"देवाला खुरपं लावती?"

"पोरीचं वरीस चाललंय, आत्याबाई! देवाला नको व्हय तिनं शिकलेलं?"

मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरी गेली. परत आली ती वाटीत अक्षता, दह्याचा गोळा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. गणपती उठवताना करतात तशी तिनं माझी उत्तरपूजा केली. अक्षता टाकल्या, दही ठेवलं, दोन्ही हातांनी खांब धरून जरासा हलवल्यासारखा केला. "देवा, इतके दिस राह्यलास, उपकार झाले. आता तुझ्या जागेला जा." मग गोल दगड तिनं पदरात घेतला, बांधावरच्या बाभळीखाली नेऊन ठेवला आणि तिथंच दिवा लावला. माघारी येऊन सुनेला म्हणाली, "आता ह्यो देव न्हाई. पत्रा हाय. खरवड कितीबी. आन् घंटा माझ्याकडं दे, गाईला हुईल."

मित्रांनो, अकरा वर्षांत इतक्या लोकांनी मला हात जोडले, पण माझं खरं भलं ह्या दोघींनी केलं. एकीनं देवपण काढून घेतलं, दुसरीनं शेंदूर. खुरप्याची धार अंगावरून जाताना त्रास झाला. मग राख आणि ऊन पाणी. एकेक अक्षर वर आलं. विजयमालानं पाण्याच्या मोटारीचा पाना आणून माझे नट सोडवले, मला चादरीत गुंडाळलं आणि सकाळी दुधाच्या टेम्पोत बसून थेट आगार गाठलं.

साहेब चहा पीत होते. तिनं मला त्यांच्या टेबलावर ठेवलं. कप हिंदकळला.

"हे काय?"

"तुमचा थांबा. तुमाला सापडत नव्हता, म्हनून घेऊन आले. वाचा."

दारात उभा असलेला एक ड्रायव्हर हसला. "साहेब, थांबा सोता चालत आला! आता आपली गाडी थांबायला काय हरकत न्हाई."

साहेब हसले नाहीत. त्यांचा आवाज चढला. "बाई, ही सरकारी मालमत्ता आहे. उखडून आणलीत तुम्ही? गुन्हा दाखल होतो, माहीत आहे का?"

विजयमाला नेहमीसारखीच हळू बोलली. पण त्या खोलीत तेवढाच एक आवाज होता. "काल तुमीच म्हनला, तिथं थांबा न्हाई. मग नसलेला थांबा म्या उखडला कसा? गुन्हा घाला की साह्यब. खुशाल घाला. फकस्त कागदावर ल्ह्या, ह्या बाईनं बाभुळमळ्याचा थांबा उखडला. मला तेवढाच कागद पायजेल."

साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं. दारातला ड्रायव्हर हसायचा थांबला.

शेवटी कागद लिहिला गेला. थांबा अस्तित्वात आहे, फलक पूर्ववत बसवून घ्यावा, सकाळची गाडी थांबेल. "आन् शाळंसाठी?" विजयमालानं विचारलं. "गाडी पाच म्हैने थांबली न्हाई, आसं ल्ह्या." साहेब म्हणाले, तसं लिहिलं तर आमच्यावर येतं. ती मला मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसली. बारा वाजले, एक वाजला. साहेब जेवायला गेले, जेवून आले. ती तिथंच. मग त्यांनी लिहिलं, 'गाडी थांबण्यात काही प्रमाणात अनियमितता आढळते.'

अनियमितता! पोरींच्या तळपायांचे फोड, बुडालेले तास, घरी बसलेल्या तिघी, हे सगळं त्या एका गुळगुळीत शब्दात घालून झाकण लावलं. ना कुणी माफी मागितली, ना कुणाला विचारलं, बाई सकाळपासून काही खाल्लं का. पण त्या कागदावर शाळेनं संस्कृतीचा अर्ज भरून घेतला. हजेरीचं काय ते बघू, असं मोठे सर म्हणाले. निष्काळजीपणाची चिठ्ठी मात्र त्यांनी परत घेतली नाही.

त्याच संध्याकाळी मला पुन्हा खांबावर चढवलं गेलं. खाली नट घेऊन रेश्मा उभी होती. घरी बसलेल्या तिघींतली ती एक. आता वडलांच्या, कानिफनाथाच्या, शेळ्या राखते.

"काकू, गाडी खरंच थांबंल?"

"थांबंल. कागद हाय."

"मग माझंबी नाव शाळंत घालत्याल का परत?"

विजयमालानं हातातला नट आवळून घेतला. खाली बघत ती म्हणाली, "उद्या संस्कृतीला गाडीत बसवते आन् तशीच तुझ्या घरी येते. तुझ्या बाशी बोलते."

"बा न्हाई ऐकायचा."

"साह्यब कुठं ऐकत हुता?"

मित्रांनो, मी पत्रा आहे, माझा राग कुणाला लागत नाही. पण एवढं ऐका. एखाद्या फलकावर जाहिरात चिकटवू नका, त्यावर दगड मारून नेम धरू नका. आणि भक्तीनं का होईना, त्याची अक्षरं झाकू नका. हात जोडण्याआधी तो काय सांगतो आहे ते वाचा. मोठे होऊन तुम्ही कुणी गाडी चालवाल, कुणी खुर्चीवर बसाल. तेव्हा रस्त्याच्या कडेला हात वर करून उभं असलेलं लेकरू दिसलं, तर थांबा. तिथं उपकार करायचा नसतो, फक्त आपलं काम करायचं असतं. ते ज्याच्याकडून होत नाही, त्यानं देवळात कितीही घंटा वाजवल्या तरी त्या मला पोकळच ऐकू येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थांबली. कंडक्टरनं तोंड वाकडं केलं, पण दार उघडलं. पाच मुली चढल्या. खिडकीतून संस्कृतीनं हात केला.

धुरळा बसेपर्यंत विजयमाला उभी राहिली. मग तिनं डोक्यावर पदर घेतला, आगाराच्या कागदाची घडी पिशवीत नीट ठेवली आणि आपल्या घराकडं न वळता रेश्माच्या घराकडं जाणारी टेकडीची पायवाट धरली.