एकच पातेलं

दर गुरुवारी दुपारी आमच्या रुग्णालयात, डायलिसिसच्या हॉलमागे पार्किंगच्या शेडखाली, लंगर असायचा. सतरंज्या अंथरल्या जायच्या. डोक्याला रुमाल बांधून रुग्ण, नातेवाईक, वॉर्डबॉय, एखादा सुरक्षारक्षक असे शंभर-सव्वाशे लोक एका ओळीत मांडी घालून बसायचे. गुरुद्वारातून टेम्पोनं पातेली यायची आणि टेम्पोत पुढे बसून बीजी यायच्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाई आता गुरुद्वाराचं स्वयंपाकघर चालवत होत्या, आणि वाढतानाही वर्गातल्यासारख्याच ओरडायच्या.

मी त्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ. डायलिसिसवर असलेल्या शिंपीकाकांचं रक्तातलं पोटॅशियम लागोपाठ दोन शनिवारी साडेसहाच्या वर गेलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावलं.

"गुरुवारी ते तिथे जेवतात. बटाटा, टोमॅटो, घट्ट डाळ. एखाद्या शनिवारी हृदय थांबेल त्यांचं. आपल्या रुग्णांनी त्या ओळीत बसायचं नाही, अशी नोटीस लावा. तुम्हीच लिहा."

त्यांचं चुकत नव्हतं. तरी लिहिण्याआधी मी काकांशी बोलले.

"मॅडम," मशीनला जोडलेला हात न हलवता ते म्हणाले, "घरी माझी भाजी वेगळी, डाळ वेगळी, पाणी मापानं. सुनेनं माझ्या डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय. तिथे बसतो तेव्हा शेजारच्याच्या ताटात जे असतं, तेच माझ्या ताटात असतं. तेवढं एक जेवण राहू द्या."

"म्हणून जीव द्यायचा का?" शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, काकू, म्हणाल्या.

"तू बोलू नकोस. पहिली जाऊन बसतेस ती तूच."

मला मार्ग सोपा वाटला. किडनीच्या बारा रुग्णांसाठी बारा वेगळे डबे. बुधवारी मी गुरुद्वाराच्या स्वयंपाकघरात गेले. बीजी बटाटे सोलत होत्या. मी सगळं समजावलं, आकडेही सांगितले. त्यांनी सुरी थांबवली नाही.

"दोन पातेली आम्ही करत नाही, पुत्तर. मोठ्यातला मोठा साहेब येऊ दे नाहीतर रस्त्यावरचा येऊ दे, ओळ एक आणि पातेलं एक. बारा जणांपुढे डबे ठेवले, तर तो लंगर नाही, खाणावळ झाली."

"बीजी, एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मग त्याला सांग, येऊ नकोस."

बोलल्या आणि त्यांची सुरी थांबली. आलेल्याला उठवायचं नाही, हाही तिथला तितकाच जुना नियम. मग त्यांनी आणखी दोन बटाटे सोलून परातीत टाकले आणि सुरी खाली ठेवली.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "त्याला काय चालतं?"

"दुधी. पातळ मूगडाळ. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. टोमॅटो नाही, बटाटा नाही. मीठ अगदी कमी."

"आणि हे बाकीच्यांना चालतं?"

"चालतं. आवडणार नाही."

"आवडण्याचं मी विचारलं का?" त्यांनी बटाट्यांची परात बाजूला सारली. "दोन अटी आहेत. पातेलं एक, आणि कुणाला उठवायचं नाही. उत्तर एकच निघतं. सगळ्यांनी त्याचं जेवायचं."

हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं.

"मीठ किती घालता?" मी विचारलं.

"ओंजळीनं. ज्याचा हात लागेल त्याच्या."

"चाखून बघत नाही?"

"अरदास, म्हणजे जेवणाआधीची प्रार्थना, होईपर्यंत कुणी चाखत नाही."

मी तीन गुरुवार त्या डाळीचे नमुने तपासायला पाठवले होते आणि मिठाचे आकडे तिन्ही वेळा फार वेगळे आले होते. प्रयोगशाळेची चूक धरून मी तिथल्या तंत्रज्ञ मुलीला दोनदा बोलले होते. चूक नव्हती, ओंजळी वेगळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वजनकाटा घेऊन गेले आणि मीठ मोजून दिलं. तिथून परतताना आधी त्या मुलीची माफी मागितली.

दुपारी ओळ बसली. पहिल्या घासानंतर काहींनी हात थांबवून मिठासाठी इकडेतिकडे पाहिलं.

"बीजी, मीठ संपलं का?" वॉर्डबॉयनं विचारलं.

"भरपूर आहे. घरी जाऊन खा."

"हे रुग्णांचं जेवण वाटतंय."

"मग काय, रुग्णालयात आलायस. लग्नात नाही."

काही हसले, काहींनी ताट तसंच ठेवून हात धुतले. शिंपीकाका मात्र घास हातात धरून आधी डावीकडच्या ताटात बघत होते, मग उजवीकडच्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"माझ्यासाठी एवढ्या लोकांना?" ते उठायलाच निघाले.

बीजी डाळीची बादली घेऊन समोर उभ्या होत्या. "खाली बस. ओळ मोडतेस का मधेच? म्हातारा झालास तरी वर्गात कसं बसायचं कळत नाही."

"मोडतोस," काकूंनी दुरुस्त केलं. "आणि बसा हो. मलाही तेच खावं लागतंय."

ते बसले आणि जेवले. तिसऱ्या रोटीला त्यांनी स्वतःच ताटावर हात धरला.

शनिवारी आकडा आला, पाच पूर्णांक तीन. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि नोटिशीचं विचारलं नाही. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मला माहीत आहे. तरी संध्याकाळी मी तो सांगायला गुरुद्वारात गेले.

बीजींनी डोळे मिटून हात जोडले. मग लगेच म्हणाल्या, "एकतीस ताटांत उरलं. मी मोजलं. आजवर पाच-सहाच्या वर गेलं नव्हतं. त्यातले काही जण पुढच्या वेळी येणार नाहीत. म्हणजे मी त्याला ठेवलं आणि त्यांना उठवलं. उत्तर चुकलं माझं."

"चुकलं नाही, अर्धं झालं."

"तुझ्या शास्त्रात मिठाशिवाय चव आणायचं काही आहे का?"

मी आयुष्यभर एकेका माणसासाठी आहार लिहिले, वजन, रक्त, लघवी बघून. सव्वाशे लोकांना एकदम गोडीनं खाववेल असा कधी लिहिला नव्हता. आणि जिला तो शिजवायचा, तिला गुरुवारी अरदास होईपर्यंत त्याचा घोटही घेता येणार नव्हता.

"आलं, लिंबू, भाजलेलं जिरं," मी म्हणाले. "प्रमाण मला माहीत नाही. शोधावं लागेल."

"शोधू," बीजी म्हणाल्या आणि त्यांनी जिऱ्याचा डबा माझ्यापुढे सरकवला.