खोक्यावरचा आकडा

जोडे शिवणाऱ्या त्या दुकानात सासूबाईंच्या जिभेला रापीपेक्षा जास्त धार आहे, असं गिऱ्हाइकंच म्हणायची. सून नव्या कॉम्प्युटरसमोर पांढरीफटक होऊन बसलेली दिसली, तेव्हा चामडं कापता कापताच त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

"मापं गेली, आई."

सासूबाईंचा हात थांबला. वाकड्या, आखूड, सुजलेल्या पायांची मापं सुनेनं खपून खपून कॉम्प्युटरात भरली होती. त्यातच शिक्षिकाबाईंचं माप. त्यांचा एक पाय मुळात आखूड, घसरून पडल्या आणि नेमका तोच प्लास्टरमध्ये गेला. उद्या प्लास्टर निघणार होतं. जाड तळव्याचा जोडा नसला तर बाईंना धड उभंही राहता येणार नव्हतं, आणि आज नव्यानं माप घ्यायला पाय होता कुठे?

"नीट सांग. काय काय केलंस?"

"जुन्यातली फाइल इकडे हलवली. नवा प्रोग्राम म्हणाला, हा प्रकार मला चालत नाही. म्हणून मी फाइलच्या नावाचं शेपूट बदललं, त्याला चालेल तसं. आता म्हणतो, फाइलच खराब आहे."

"आत काही खरवडलंस?"

"नाही. नुसतं नाव बदललं." सून बोलता बोलता अडखळली. तिची नजर भिंतीलगतच्या खोक्यांवर गेली. "म्हणजे खोक्यावर नऊचा आकडा टाकला, आणि आत जोडा सहाचाच."

"मग सहा लिही. रडून जोडा वाढतो का?"

सुनेनं नाक पुसलं. जुनं शेपूट परत लावलं, फाइल जुन्या कॉम्प्युटरात नेली. मागे उभ्या सासूबाईंना पडद्यावरचं ओ की ठो कळत नव्हतं, पण सुनेचे ताठरलेले खांदे सैल पडले, ते बरोबर कळलं. फाइल उघडली होती. तिथून सुनेनं ती नव्याला वाचता येईल अशा प्रकारात साठवली. या खेपेला नव्यानं कुरकुर न करता सगळी मापं घेतली.

जोडा संध्याकाळी तयार झाला. न्यायला बाईंचा भाऊ आला. "तुमचा मुलगा म्हणत होता, मापं हरवली."

"त्याला काय कळतंय? मापं नव्या घरी राहायला गेली होती. सामान लावायला वेळ लागतो. आभार तिचे माना, शिवलाय मी, पण माप तिचं."

भाऊ गेल्यावर सून गालात हसली.

"हसतेस काय," सासूबाई म्हणाल्या, "आधी त्या मापांची एक प्रत काढून ठेव."