मी गाडीच्या पोटातली पिन

मी एक पिन आहे. कागदाला टोचतात तसली नव्हे. अंगठ्याएवढी जाड, वीतभरापेक्षा लांब, पोलादाची. जुन्या विलायती मोटारसायकलचं मागचं चाक ज्या लोखंडी फाट्यात बसतं, तो फाटा माझ्यावर वरखाली हलायचा. खड्डा आला की त्याचा हिसका मी सोसायचे. बाहेरून मात्र मी दिसत नसे. मला ओळखणारी माणसं दोनच, बळीराम आणि त्याची बायको शकू.

बळीराम बोळिंजचा, भातशेतीवाल्या घरातला. ग्रीसगन लावून तो माझ्याभोवती ग्रीस भरायचा, जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत. पण खरी पारख शकूची. मागे बसल्या बसल्या ती म्हणायची, "अवो, गाडी मागून डुलते."

"तुलाच बरं कळतं!" म्हणत तो हसायचा. घरी येताच मागचं चाक धरून हलवून बघायचा. बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं, आणि माझ्यावर चढवलेल्या झिजलेल्या नळ्या, म्हणजे बुश, बदलले जायचे.

शकू तापाने गेली. बळीरामने गाडी इमारतीच्या जिन्याखाली लावली आणि वर ताडपत्री टाकली. रोज संध्याकाळी तो खाली यायचा, सीटवर हात ठेवून उभा राहायचा, निघून जायचा. ग्रीसगनला त्याने पुन्हा हात लावला नाही. माझ्याभोवतीचं ग्रीस सुकलं, पावसाळ्यात ओल शिरली. गंजून मी बुशला चिकटून बसले. माणूस इतक्या जवळ यायचा, पण मी आहे हेच तो विसरला होता.

एके दिवशी त्याची मुलगी दिपिका चंदनसारहून आली. "बाबा, मला माझ्या घरी गाडीवर सोडा. किती दिवस असे बसून राहणार?"

"मागची सीट तुझ्या आईची."

"मग मी कुणाची?"

दुसऱ्याच दिवशी बळीरामने वसईहून पॉल मिस्त्रीला बोलावलं.

पॉलने तेल सोडलं, ज्योतीने शेकलं, हातोडा मारला. मी हलले नाही. हलावंसं मला फार वाटत होतं.

"बळीरामभाऊ, कापूनच काढावी लागेल. नवीन बनवून घेऊ."

बळीराम माझ्यासमोर उकिडवा बसला. "शकू होती तेव्हाची हाय रे ती."

"गाडी चालवायची का नाय, तेवढं सांगा."

त्याने सीटवर हात ठेवला. मग म्हणाला, "काप."

दोन तुकड्यांत मी बाहेर आले. माझ्या जागी लेथ यंत्रावर बनवलेली नवी पिन बसली. बळीरामने माझे तुकडे फडक्याने पुसून जिन्याच्या खिडकीत ठेवले. दिपिका त्याच्या मागे बसली. गाडी गेटबाहेर वळेपर्यंत आवाज येत होता. मग खिडकीत मी एकटी उरले.

अजून इथेच आहे, फिनाइलच्या बाटलीशेजारी. बळीराम गाडी घेऊन जातो, येतो. माझ्याकडे त्याची नजर जात नाही. मला आता ग्रीस नको, तेल नको. पण तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर ती उभी असली तरी आतल्या पिनीला ग्रीस देत जा. तिला हाक मारता येत नाही.