न खणलेला वाफा

चिकटपट्टीचा तुकडा बोटभर लांबीचा, तपकिरी, एका टोकाला गुंडाळी झालेला, आणि त्यावर छापलेलं पेल्याचं छोटं चित्र अजून तसंच होतं — फुटेल, सांभाळून न्या, असं सांगणारं. घेवड्याच्या शेंगा शोधताना पानांच्या थराखालून तो तिच्या बोटांना लागला. पुठ्ठा केव्हाच गेला होता, मातीने पचवला, गांडुळांनी खाली ओढला. पट्टी तेवढी राहिली. तिने ती झग्याला पुसली, खिशात टाकली आणि पुन्हा शेंगांकडे वळली. चिमणताई जेवायला येणार होती, म्हणजे शेंगा जरा जास्तच हव्या होत्या.

चिमणताई म्हणजे तिची नणंद. सत्तरी गाठली, अंगाने चांगली भरली, तरी भावाने पाळण्यात असताना ठेवलेलं चिमणी हे नाव काही सुटलं नाही. काल फोनवर म्हणाली, "वहिनी, तुझ्या बागेसाठी एक वस्तू आणतेय. आणि दादाचा तो खिडकीखालचा वाफा आहे ना, त्याला यंदा मी स्वतः हात लावणार. नाही म्हणायचं नाही."

हात लावणार म्हणजे खणणार. दर हंगामाला न चुकता फोन करून विचारते, खणलंस ना गं, आणि ही दर वेळी काहीतरी दुसरंच बोलते — पालक किती आलाय, भोपळा कुणाकुणाला वाटला...

दादा म्हणजे तिचे यजमान, ते खणायचे. लग्न होऊन या घरात आली त्या वर्षापासून तिने त्यांना खणतानाच पाहिलं. खालची माती वर, वरची खाली, ढेकळं फोडायची, दोरी लावून सरळ ओळी आखायच्या आणि ओळींच्या मधली जागा इतकी स्वच्छ ठेवायची की तिथे ताट मांडून जेवावं. एवढं करून भाजी यायची बेताचीच. मग ते बियाण्याला नावं ठेवायचे, उन्हाला, गोगलगायींना, आणि पुढच्या खेपेला वीतभर आणखी खोल जायचे. सुट्टीच्या दिवशी घामाने निथळत मागच्या पायरीवर बसलेले ते, पाण्याचा तांब्या पुढे धरलेली ती — दोघं मिळून त्या उघड्या काळ्या मातीकडे बघत असायची. सुंदर दिसायची ती माती. नाही कशाला म्हणू? नवीन घडी मोडलेल्या चादरीसारखी दिसायची. दोन दिवसांत मात्र पांढरी पडायची आणि वर पापुद्रा धरायची.

मग ते अंथरुणाला लागले. पलंग मागच्या खोलीत, खिडकीशी हलवला, बाग दिसावी म्हणून, आणि तिथेच चूक झाली; कारण बागेत तेव्हा गुडघाभर तण माजलं होतं आणि ते दिवसभर त्याच्याकडे तोंड करून पडायचे. एके सकाळी म्हणाले, "झाकून टाक ते. बघवत नाही."

झाकून टाक म्हणजे पडदा ओढ, असं म्हणायचं असेल का त्यांना? तेव्हा हे सुचलंच नाही. त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची आली होती, तिचा भलामोठा पुठ्ठ्याचा खोका भिंतीशी पडून होता. तिने तो फाडून तणावर अंथरला, भांडी विसळलेलं पाणी त्यावर ओतलं, आणि पुठ्ठा डोळ्यांना खुपू नये म्हणून शेजारच्यांनी गोळा करून ठेवलेला पाचोळा वर पसरला. बस. खणायला ना वेळ होता, ना कंबर. भाजीची सालं टाकायला कोपऱ्यातल्या खड्ड्यापर्यंत जायचं तर आजारी माणसावरची नजर हटणार, म्हणून तीही तिथेच, पानं सारून आत खुपसायची. ही सगळी बागकाम सोडल्याची लक्षणं होती. त्यातून भोपळा उगवला. कुणी न पेरता. मग टोमॅटो, मग तिने गंमत म्हणून चार दाणे मक्याचे टोचले, मक्याच्या बुंध्याशी घेवडा... घेवडा मक्याच्या खांद्यावर चढला, भोपळा दोघांच्या पायांशी पसरून मातीला सावली धरून बसला. एकत्र कुटुंब, तेही न भांडणारं.

खरं तर पुढे, ते गेल्यानंतर, तिने हे सगळं नीट शिकून घेतलं. कुठल्या झाडाशेजारी कुठलं लावायचं, छपराचं पाणी कुठल्या चरात वळवायचं, माती कधी उघडी का ठेवायची नाही. लेकीने फोनवर बघून सांगितलं, "आई, अगं तू पर्माकल्चर करतेस." ती म्हणाली, "मी कंटाळा करते. त्याला एवढं मोठं नाव आहे होय?" लेक हसली होती. शेजारपाजारच्या दारांत आता भाजीच्या पिशव्या जातात, आणि मागची जागा तेवढीच, चार पलंग मांडले तर भरून जाईल एवढी.

पण त्या दिवशी... भोपळ्याचं पहिलं पिवळं फूल खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं होतं. ती त्यांचं अंग पुसायचा पंचा पिळत होती. ते बाहेर बघत होते. बघता बघता म्हणाले, "खणलंस?"

"हं," ती म्हणाली.

तेवढंच. हं हा काही शब्द नव्हे. हं म्हणजे हो; हं म्हणजे ऐकतेय, पुढे बोला; हं म्हणजे हात वर करा, काख पुसू दे. तिचं कुठलं होतं ते तिला त्या क्षणीही सांगता आलं नसतं. त्यांनी पुन्हा फुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तरीच." आणि त्या दुपारी चार घास जास्त जेवले.

त्या 'तरीच'ला तिने इतकी वर्षं धक्का लावला नव्हता. त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच शेवटी फळाला आलं, असं समजून माणूस गेला. गेला तर गेला, तेवढं समाधान त्यांच्यापाशी राहू दे. आणि आज चिमणताई येणार आणि त्या वाफ्यात अवजार घालणार. घालू दिलं, तर आत जे काही वर्षांनुवर्षं विणलं गेलंय ते पहिल्या घावात उसवणार. नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार — तुझा दादा जन्मभर चुकीचं करत होता, हे त्याच्याच खिडकीखाली उभं राहून त्याच्या बहिणीला सांगायचं. वाफा वाचवायचा की त्यांचं ते 'तरीच'? शेंगांची टोपली भरली होती, तरी ती आणखी तोडत राहिली.

चिमणताई आली ती बाजूच्या फाटकातूनच, हाश्शहुश्श करत. "लोक पाचोळा घराबाहेर टाकतात, आमची वहिनी दुसऱ्यांचा मागून आणते. पाय कुठे ठेवू, सांग बाई. इथे माणसांना वाटच नाही." हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. तिने ते पायरीवर ठेवून उलगडलं.

कुदळ होती. लोखंड जुनं, ओळखीचं, एका बाजूने झिजलेलं. दांडा नवा, पिवळसर, तेल पाजलेला.

"दादाची," चिमणताई म्हणाली. "मोडला होता ना दांडा. सुताराकडे टाकते म्हणून मी घेऊन गेले आणि माझ्याकडेच राहिली. मग दादाच गेला. मग डोळ्यांसमोर नको म्हणून माळ्यावर टाकून दिली."

"केव्हा नेलीस?"

"तो अंथरुणाला लागला त्याच्या आधी. त्यानेच दिली, माझ्या हातात."

तिने मागच्या पडवीकडे पाहिलं. तिथे, जुन्या बादल्यांमागे कोपऱ्यात, कुदळ आहे असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. कधी हात घालून बघितलं नव्हतं. बघण्याची गरजच...

"पण मग तेव्हा खणलंस कशाने गं?" चिमणताई सहज विचारत होती, चादरीची घडी घालता घालता. "फोनवर दादा किती कौतुक करत होता. म्हणाला, वहिनीचा भोपळा खिडकीत आलाय, ये बघायला. म्हटलं, येताना कुदळ आणू का? तर म्हणे, असू दे तुझ्याकडेच. तिला नाही लागत."

"तिला नाही लागत, असं म्हणाले?"

"असंच. मला वाटलं, दुसरी घेतली असेल."

घरात दुसरी कधीच नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं. अवजारांच्या बाबतीत ते विसरणारे नव्हते, अगदी शेवटी, लेकीचं नाव अडखळायचं तेव्हाही. म्हणजे खिडकीतून बघत त्यांनी विचारलं, खणलंस? — आणि कुदळ घरात नाही हे माहीत असून विचारलं. आणि मी हं म्हटलं. आणि ते...

चिमणताईने कुदळ उचलली होती, वाफ्याच्या कडेशी पाय रोवून उभी राहिली होती. टोक पानांवर टेकलेलं होतं, मातीला अजून लागलेलं नव्हतं. "मारू ना इथे?"

वहिनी पुढे झाली, खाली बसली, टोकाच्या शेजारची पानं बाजूला केली. "आधी हात घाल."

"मी?"

"घाल तर."

चिमणताई कण्हत ओणवी झाली. बोटं गेली, तळवा गेला, मनगटापर्यंत हात कुठे न अडता आत गेला. तिथेच ठेवून ती वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिली. "अगंबाई. ही तर... कुणी खणलं एवढं?"

"कुणीच नाही."

"मग दादाने जन्मभर..." चिमणताईने पुढचं गिळलं. तिचा हात मातीतच होता. आणि गंमत म्हणजे ते अर्धं वाक्य ऐकून वहिनीला काहीच झालं नाही. ज्याची सकाळपासून धास्ती घेतली होती ते समोर येऊन उभं राहिलं, आणि तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

तरीच. तिने तो शब्द मनात त्यांच्या आवाजात म्हणून पाहिला. शेवटी किंचित वर गेला होता तो, त्या 'च'पाशी. तिला इतके दिवस वाटत होतं, दम अपुरा पडला. पण दोघं पत्ते खेळताना तिने पान लपवलं आणि त्यांना दिसलं, की तेव्हाही असाच वर जायचा त्यांचा आवाज, आणि पान ते कधी मागायचे नाहीत.

"तरीच," ती हलकेच म्हणाली. पुन्हा म्हणाली, जरा वेगळं.

"तरीच काय, वहिनी?"

हसू होतं का त्या आवाजात, की दमच अपुरा? तिने खिशात हात घातला. चिकटपट्टी बोटांना लागली. खिडकी उघडी होती, आत पलंग आता नव्हता. तिथून वाफा कसा दिसत असेल, हे तिने आजवर कधी आडवं पडून बघितलं नव्हतं.