रात्रभर ठेवलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे आणि सध्या माझ्यात कांदे ठेवतात. संगमनेरमधल्या एका घराच्या मागच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली माझी जागा आहे. दुपारचं ऊन माझ्या एका बाजूने आत येतं आणि दुसऱ्या बाजूने सरळ निघून जातं. पूर्वी ते माझ्यातून जाताना हिरवं होत असे.

माझा जन्म विल्सनकाकांच्या दुकानातला. काका फोटोंना चौकटी करतात आणि काचेचे मोठे तुकडे उरले की माशांच्या टाक्या बनवतात. त्यांनी मला सिलिकॉनने जोडलं, कडा घासून बोथट केल्या, पाण्याने भरलं आणि वर्तमानपत्रावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा निघाला तेव्हा त्यांनी मला टिचकी मारली आणि म्हणाले, "पास!" माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

मला न्यायला आठवीतली संस्कृती आली. सोबत तिचे आबा होते. छगनआबा मूळचे पुणतांब्याचे. तिथे त्यांचा गाईंचा गोठा होता. रंगुबाई आजी गेल्या, तेव्हा आबांनी गाई विकल्या आणि ते मुलाकडे संगमनेरला राहायला आले. येताना कपड्यांच्या पिशवीखेरीज त्यांनी एकच वस्तू आणली होती, आजींचा तांब्याचा हंडा. लग्नात मिळालेल्या त्या हंड्याच्या काठावर आजींचं नाव कोरलेलं होतं. आबा रोज संध्याकाळी तो भरून ठेवत आणि पहाटे त्यातलंच पाणी पीत. बाकी दिवसभर ते खुर्चीत बसून असत. संस्कृतीची आई ज्योती म्हणायची, "आबांना काही विचारलं तर 'बरं' म्हणतात. नाही विचारलं तर तेवढंही नाही." आबांनी पुन्हा बोलावं, असं संस्कृतीला फार वाटत होतं. सांभाळायला पुन्हा जीव मिळाले तर ते बोलतील, हेच मला घरी नेण्याचं खरं कारण होतं.

"मासे कुठले सोडणार?" काकांनी विचारलं.

"मासे नाहीत काका. ते छोटे लाल झिंगे. मला त्यांची पिल्लं वाढवायचीत."

"झिंगे?" आबा म्हणाले. "मग टाकी कशापायी घेती? तवा घे की."

"आबा, हे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडेच मोठे," काका हसले. "तव्यात शोधत बसाल."

संस्कृती चकित होऊन आबांकडे पाहत राहिली. इतकं मोठं वाक्य ते बऱ्याच दिवसांनी बोलले होते.

आबा रिक्षा थांबवायला बाहेर गेले, तेव्हा काकांनी तिला नीट समजावलं. "टाकी भरली की लगेच जीव सोडायचे नाहीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणी रात्रभर ठेवायचं आणि मग घालायचं. गाळणी स्पंजाची लाव, नाहीतर पिल्लं ओढली जातात. आणि माशांच्या औषधाचा थेंबसुद्धा नको. त्यात तांबं असतं. माणसाला चालतं, पण झिंग्यांना तांबं म्हणजे विष." संस्कृतीने मान हलवली. आबा बाहेरून हाका मारत होते, "चल गं, रिक्षावाला तापलाय!"

मग माझे थांबण्याचे दिवस सुरू झाले. माझ्यात वाळू आली, शेवाळ आलं, सोसायटीतल्या बदामाचं वाळलेलं पान आलं. पाणी होतं, बुडबुडे होते, पण जीव एकही नव्हता. आबा रोज येऊन माझ्यासमोर बसत.

"नुसतं पानीच बघायचं व्हय?" ते एकदा म्हणाले. "तसलं आमच्या गावाला लई हाय. आख्खी गोदावरी."

"आबा, आत जीवाणू वस्ती करतायत. झिंग्यांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो त्यांना मारतो. हे जीवाणू त्याला बदलून टाकतात. त्यांची वस्ती झाली की मगच झिंगे."

आबांनी थोडा विचार केला. "म्हंजे आदी शेण काढनारे गडी ठेवायचे, मग जनावरं आनायची."

"अगदी तसंच!"

"मग सरळ सांग की. अमोनिया-फिमोनिया काय लावलंय!"

स्वयंपाकघरातून ज्योती हसली. त्या घरात मी ऐकलेलं ते पहिलं मोठं हसू.

शेवटी झिंगे आले. पिशवीतल्या पाण्यात माझं पाणी थेंबाथेंबाने मिसळायचं होतं, आणि तो पूर्ण वेळ आबा हातात नळी धरून बसले. आत सोडल्यावर झिंगे क्षणभर वाळूवर थबकले, मग इवल्या पायांनी बदामाचं पान चाचपू लागले. मित्रांनो, माझ्या पाण्यात पहिल्यांदा कुणीतरी चालत होतं. आबांनी त्यांना गाईंची नावं दिली. एक तांबडी, एक ढवळी, एक मारकी. मारकी कोण हे ओळखणं त्यांनाही जमत नसे, पण ते कबूल करत नसत.

उन्हाळा लागला, तसं एके दिवशी आबा ओरडले, "पोरी, पळत ये! तांबडी गाभण हाय!"

खरंच, तांबडीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस होता. ती पाय हलवून त्यांना सतत वारा घालत होती. संस्कृतीने टाळ्या वाजवल्या. आबांनी लगेच दटावलं, "हळू! गाभण जनावर दचकतं." त्या दिवसापासून आबा उठले की आधी तांबडीला बघत, मग हंड्यातलं पाणी पीत.

त्याच सुमारास मामाचं लग्न आलं. संस्कृती आणि ज्योती निघाल्या. बाबांना सुट्टी नव्हती. आबांना खूप आग्रह झाला, पण ते हलले नाहीत.

"गाभण जनावर टाकून लग्नाला जाऊ व्हय?"

निघताना संस्कृतीने सांगितलं, "आबा, उन्हाने पाणी कमी झालं तर थोडं घाला. पण नळाचं ताजं नको हं. रात्रभर ठेवलेलंच घाला. बादली भरून ठेवलीय."

"बरं बरं. जा तू. बुंदी आन."

ऊन कडक होतं. माझ्यातलं पाणी खाली गेलं. आबा बादलीकडे गेले, तर ती रिकामी होती. नळाला पाणी न आल्याने बाबांनी तेच अंघोळीला वापरलं होतं. आबा माझ्यापाशी आले, पाण्याची रेघ पाहिली, तांबडीकडे पाहिलं. मग त्यांची नजर हंड्याकडे गेली. हंडा भरलेला होता, झाकलेला होता आणि रात्रभर तसाच होता.

घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी त्यांनी फुलपात्राने हळूहळू माझ्यात ओतलं. तांबडी दचकू नये म्हणून काचेच्या कडेने ओतलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. काचेला फक्त आतलं दाखवता येतं.

दुपारपर्यंत झिंगे सैरभैर पोहू लागले. आबांना वाटलं, नव्या पाण्याने खुशीत आहेत. संध्याकाळी ते तळाशी बसले. सकाळी त्यांचे लाल देह दुधासारखे पांढुरके झाले होते. तांबडी बदामाच्या पानावर आडवी होती. अंडी तिने सोडली नव्हती, पण वारा थांबला होता.

आबा पाणी न पिताच खुर्चीत बसून राहिले. संस्कृती आली ती बुंदीचा पुडा हातात घेऊनच माझ्याकडे धावली.

"आबा! कुठलं पाणी घातलंत?"

"रातभर ठेवल्यालंच. तू म्हनाली तसं. आजीच्या हंड्यातलं."

ती किंचाळली, "तांब्याच्या? मारलंत तुम्ही सगळ्यांना! कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

तिनेच सांगितलं होतं, मित्रांनो. तांब्याचं मात्र सांगायचं राहिलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर औषधाची बाटली होती, रोजचा हंडा कधी आलाच नाही. हे तिला संध्याकाळी उमगलं, पण तोवर आबांनी हंडा पालथा घालून माळ्यावर ठेवला होता.

पुढचे दिवस मला अजून दिसतात. आबा पुन्हा "बरं" एवढंच म्हणू लागले. संस्कृती येता-जाता त्यांच्या खुर्चीपाशी रेंगाळे आणि निघून जाई. मग एकदा तिने माळ्यावरून हंडा काढला, चिंचेने घासून लख्ख केला, भरला, आणि सकाळी फुलपात्र आबांसमोर धरलं. सॉरी म्हणायचं होतं, त्याऐवजी तिने फुलपात्र आणखी पुढे सरकवलं.

आबांनी फुलपात्राकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे, बाळा," ते म्हणाले. "मला आता फिल्टरचंच ग्वाड लागतं."

ते खोटं होतं. फिल्टरच्या पाण्याला चवच नसते, हे त्यांनी माझ्यासमोर कितीदा सांगितलं होतं. आठवड्याच्या आत ते पुणतांब्याला पुतण्याकडे निघून गेले. अजून परत आलेले नाहीत.

विल्सनकाका येऊन मला पाहून गेले. तांबं वाळूत आणि सिलिकॉनमध्ये मुरतं, कितीही धुतलं तरी भरवसा नाही, म्हणून झिंग्यांसाठी मी कायमची बाद झाले. हॉलमध्ये माझ्या जागी आता नवी टाकी आहे. त्यातही सध्या नुसतंच पाणी आहे. जीवाणूंची वस्ती व्हायची आहे, मग झिंगे, मग अंडी, मग पिल्लं. परवा ज्योती म्हणाली, "फोन तरी कर आबांना." संस्कृती म्हणाली, "पिल्लं झाली की करते. पिल्लं दाखवायलाच घेऊन येऊ त्यांना."

मित्रांनो, ही मुलगी हुशार आहे. थांबायला ती माझ्यामुळे शिकली आणि माझ्या बाबतीत ते बरोबरच होतं. पाण्याला वेळ दिला की पाणी राहण्याजोगं होतं. पण रागाने बोललेल्या शब्दाला वेळ दिला, तर तो तसाच राहतो. तुमच्या घरी मायेपोटी कुणाचं काही चुकलं आणि तुम्ही रागावलात, तर त्याच्यापाशी त्याच दिवशी जा, हात रिकामे असले तरी जा. आणि तुमच्यापैकी कुणी संस्कृतीच्या शाळेत असेल, तर तिला सांगा, पिल्लांची वाट बघू नकोस. पुणतांब्याला जाणारी गाडी रोज असते, आणि आबांचं वय झालं आहे.