उजवीकडे न वळणारा साप

मित्रांनो, झाकण उघडलंच आहे तर ऐका. मी एक जुना लॅपटॉप, वजनाला पाट्यासारखा, पडदा काळा-पांढरा. रोह्याच्या एका कंपनीत मी नोकरीला होतो. तिथे नवे संगणक आले आणि १९९७ साली साहेबांनी मला पेणच्या एका शाळेला देऊन टाकलं. मुलं चपला बाहेर काढून मला बघायला यायची. केवढा मान!

पण गुणाजी सरांनी माझ्यातल्या खेळांना पासवर्डचं कुलूप घातलं. "फक्त टायपिंग! खेळताना कुणी दिसलं, तर अख्ख्या वर्गाचा कॉम्प्युटरचा तास बंद."

नववीतल्या दर्शनाला कुलूप दिसलं की आत काय आहे हे कळेपर्यंत चैन नसे. एका मधल्या सुट्टीत तिने इंग्रजीत 'गणपती' लिहिलं आणि कुलूप उघडलं! गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या पेणमध्ये दुसरा पासवर्ड असणार तरी कोणता? पडद्यावर साप सळसळला. मीही खूश. किती महिने नुसतं ए-एस-डी-एफ बडवून घेत होतो!

दसऱ्यानंतर मात्र नवल झालं. साप वर जाई, खाली जाई, डावीकडे जाई. उजवीकडे काही केल्या जाईना. टायपिंगला बाणाची कळ लागतच नाही, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. दर्शनाने कळ दाबली, खाजवली. बोटाला हळद लागली. दसऱ्याला शाळेच्या शिपाई धोंडुबाईंनी माझी पूजा केली होती. झाकण उघडं ठेवून, थेट कळांवर हळदकुंकू आणि अक्षता वाहून!

"सरांना सांगायला हवं," दर्शना म्हणाली.

"येडी हायस काय गो?" तिची मैत्रीण भाविका कुजबुजली. "सगळ्यांचा तास जाईल!"

"आणि नाय सांगितलं तर? आज बाण अडकला, उद्या दुसरी कळ. मग हा लॅपटॉपच जाईल."



तासाला ती भर वर्गात उभी राहिली. "सर, मी साप खेळले. उजवा बाण अडकलाय. माझा तास बंद करा, वर्गाचा नको."

 कंपासपेटीतल्या कर्कटकाने सरांनी कळ उचकटली. खाली फुगलेला पिवळा तांदूळ!

"अगो बाय, माझी अक्षता!" दारातून धोंडुबाई.

सरांनी कळ परत बसवली. "आता चालते की नाही, कसं बघायचं?"

"साप सोडून, सर."

सर स्वतः बसले आणि लगेच भिंतीवर आपटले. "उजवीकडे, सर! उजवीकडे!" अख्खा वर्ग ओरडत होता. पुढच्या डावात साप झकास उजवीकडे वळला.

कुणाचाच तास बंद झाला नाही. उलट दर आठवड्याला कळा तपासायला थोडा वेळ साप, असा नवा नियम निघाला. तपासायला सर्वांत आधी सरच बसत.

तेव्हा मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण झाकण मिटून. आणि काही अडलं तर घाबरून गप्प बसू नका. आमच्या पोटात काय अडकलंय, ते आम्हाला दिसत नाही हो!